मंगळवारचे चार राउंड

"केंटकीच्या राजधानीचा उच्चार कसा करायचा? लुईव्हिल की लुईसव्हिल?"

मला इथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न आला आणि मी घास हातात धरून विचारात पडले. पाटीवरच्या स्पेलिंगमध्ये एस तर ढळढळीत दिसतो, पण लोकांच्या तोंडून तो कधी ऐकू येत नाही. म्हटलं, "लुईव्हिल." सगळं टेबल हसलं. "फ्रँकफर्ट!"

राजधानी फ्रँकफर्ट आहे. तीसेक हजार वस्तीचं, नदीच्या वळणावर बसलेलं छोटं गाव. लुईव्हिल हे फक्त राज्यातलं सगळ्यात मोठं शहर. आणि त्याचा खरा स्थानिक उच्चार दोन्हीपैकी एकही नाही. तो "लूव्हल" असा काहीतरी आहे, तोंडात पानाचा तोबरा धरून म्हटल्यासारखा. नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच हा प्रश्न विचारायचा इथे रिवाज आहे, हे मला नंतर कळलं.

राग आला तो फसल्याचा नाही, उत्तर येत असून फसल्याचा. केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट हे मला सातवीत असल्यापासून पाठ होतं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीची एक जाडजूड वही होती आणि तिच्यात जगातलं काय वाट्टेल ते लिहिलेलं होतं. गाड्या सुटण्याच्या मधल्या वेळात ते जुन्या वर्तमानपत्रांतून, दिवाळी अंकांतून, कुणी डेपोत विसरून गेलेल्या पुस्तकांतून उतरवून घेत. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर, मध्ये लाल शाईची रेघ. अमेरिकेची पन्नास राज्यं आणि त्यांच्या राजधान्या हे पान एकशे बारा. कऱ्हाडच्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी "मोंटाना, हेलेना, नेव्हाडा, कार्सन सिटी" असं पाढ्यांच्या चालीत म्हणत असे. पुढे कधी यातल्या एका राज्यात गाडीचं लायसन्स काढायला रांगेत उभं राहावं लागेल, हे त्या वहीत कुठेच नव्हतं.

फ्रँकफर्टच्या त्या फजितीनंतरच मला मंगळवारच्या क्विझचं आमंत्रण आलं. घरापासून दहा मिनिटांवर एक बार आहे, तिथे दर मंगळवारी रात्री प्रश्नमंजुषा असते. चार राउंड ठरलेले: भूगोल, इतिहास, दारू, शब्दखेळ. तिसरा राउंड ऐकून मी दचकले होते, पण केंटकीत हा विषय आपल्याकडच्या ऊस-साखरेसारखा आहे. ज्यानं थेंबही घेतलेला नाही त्यालाही त्यातलं चार वाक्यं बोलता येतात. आमच्या टीममध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, विमानतळावर मालाच्या रात्रपाळीला जाणारा एक गृहस्थ, एक तरुण नर्स आणि मी. टीमचं नाव "प्रूफरीडर्स". इथे दारूचा जोर "प्रूफ"मध्ये मोजतात. टक्क्यांच्या बरोबर दुप्पट आकडा, म्हणजे शंभर प्रूफ म्हणजे निम्मं अल्कोहोल. सांगतात की पूर्वी बंदुकीच्या दारूवर ही दारू ओतून काडी लावत. पेटली तर माल अस्सल, हाच पुरावा. बंदुकीची दारू आणि प्यायची दारू हे दोन्ही एकाच शब्दात मावतात ही सोय मराठीत आहे, इंग्रजीत नाही, हे मी टीमला समजावून सांगायचा प्रयत्न केला. नर्स म्हणाली, "मग तुमच्याकडे ती काडी लावायची पद्धत फार धोक्याची झाली असती."

बार सोडून बाहेर पडते तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि कऱ्हाडात सकाळचे साडेसात. बाबा पहिल्या चहाला बसलेले असतात. गाडी सुरू करायच्या आधी फोन लागतो. "हं, बोल. काय विचारलं आज?"

एका मंगळवारी मात्र फोनवर मी नुसतीच धुसफुसत होते. प्रश्न होता, अमेरिकेतलं सगळ्यात पूर्वेचं राज्य कोणतं? मी कुणाला विचारायच्या आधीच कागदावर "अलास्का" लिहिलं. उत्तर आलं "मेन". मी उठून गेले. अलास्काच्या टोकाला अल्युशियन बेटांची माळ आहे, ती पश्चिमेकडे जात जात एकशेऐंशी अंश रेखावृत्त ओलांडते. त्या पलीकडे सेमिसोपोच्नोई नावाचं एक बेट आहे. रशियन नाव आहे, अर्थ सात टेकड्यांचं. माणूसकाणूस नाही, नुसते ज्वालामुखी. रेखावृत्ताच्या हिशेबानं ते पूर्व गोलार्धात येतं. म्हणजे अलास्का हे सगळ्यात उत्तरेचं, सगळ्यात पश्चिमेचं आणि सगळ्यात पूर्वेचंही राज्य. मी टिश्यूपेपरवर नकाशा काढला, रेघ मारली, बेटावर टिंब दिलं. प्रश्न विचारणारा भला माणूस होता. त्यानं टिंबाकडे बघितलं, हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि म्हणाला, "कार्डावर मेन आहे." त्या रात्री आम्ही एका गुणानं हरलो.

बाबा मला शांत करतील असं वाटलं होतं. ते माझ्याहून जास्त चिडले. "एकशे चौदा पान," म्हणाले. "त्याला फोटो काढून पाठवू का वहीचा?"

मेनबद्दल माझ्या मनात तसा आकस नाही. पन्नासांत एकच सिलॅबल असलेलं नाव त्याचंच, आणि फक्त एकाच राज्याला चिकटलेलं राज्यही तेच. शेजारी एकटं न्यू हॅम्पशायर. उलट टेनेसी आणि मिझुरी यांना आठ-आठ शेजारी. असले प्रश्न भूगोलाचे की शब्दखेळाचे हे सांगणं अवघड असतं. पन्नास राज्यांच्या इंग्रजी नावांत एक अक्षर कधीच येत नाही, ते कोणतं? क्यू. हे उत्तर शोधायला मला फार वेळ लागतो, कारण मी नावं मनात बाराखडीत ऐकते आणि मग एकेक करून रोमन लिपीत उतरवते. मिसिसिपीचं तर मला वाईटच वाटतं. इथल्या मुलांना ते अकरा अक्षरांचं स्पेलिंग म्हणजे मोठा पराक्रम. लपाछपीत सेकंद मोजतानाही "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी" असंच म्हणतात. देवनागरीत आणलं की मि, सि, सि, पी. चार अक्षरांत नदी आटली.

त्याच मिसिसिपीनं मात्र एक असा भूगोल करून ठेवलाय जो कुठल्याही लिपीत मजेशीर आहे. केंटकीच्या नैर्ऋत्य टोकाला नकाशात एक ठिपका दिसतो, राज्यापासून तुटलेला. केंटकी बेंड. नदीनं तिथे घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय. केंटकी आणि मिझुरी यांची हद्द नदीनं ठरते, केंटकी आणि टेनेसी यांची हद्द मात्र सर्व्हेवाल्यांनी मारलेल्या सरळ रेघेनं. रेघ पुढे ओढत नेली तर ती वळणाचा गळाच कापून गेली, आणि वळणाच्या आतला तुकडा केंटकीचा असूनही केंटकीला कुठेच टेकलेला राहिला नाही. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला टेनेसी. याच भागात १८११-१२ च्या हिवाळ्यात न्यू माद्रिदचे प्रचंड भूकंप झाले, आणि ७ फेब्रुवारी १८१२ च्या धक्क्यानंतर मिसिसिपी काही तास उलटी वाहताना दिसली असं लोकांनी लिहून ठेवलंय.

आम्ही एका लाँग वीकेंडला तिथे गेलो. लुईव्हिलहून चार-साडेचार तास. मध्ये घड्याळ एक तास मागे जातं, कारण हे राज्यच दोन वेळांत वाटलेलं आहे. शेवटी टेनेसीत शिरायचं आणि टेनेसीतून पुन्हा केंटकीत. पोचल्यावर दिसतात ती शेतं, पुराचा बांध, दूर एखादं घर. पाहण्यासारखं काहीच नाही. नवरा म्हणाला, "हे बघायला चार तास?" मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शेताकडे धरला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "इथल्या माणसाला कचेरीचं काम निघालं तर दुसऱ्या राज्यातून जावं लागणार. गाडी आहे का?" गाडी म्हणजे एसटी. नाही म्हटलं. "मग हाल आहेत," ते म्हणाले, आणि मला पटलं की प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

दारूच्या राउंडमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बर्बनचा, म्हणजे इथल्या मक्याच्या व्हिस्कीचा, आणि त्यात निम्म्या टीम दर वेळी पडतात. बर्बन केंटकीतच बनवावी लागते का? नाही. अमेरिकेत कुठेही बनवा. धान्यात निदान एक्कावन्न टक्के मका हवा आणि पिंप नवं, आतून जाळलेलं ओकचं हवं. शिवाय भट्टीतून निघताना, पिंपात भरताना आणि बाटलीत उतरवताना किती प्रूफ असावं याच्या मर्यादा आहेत. १९६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं. काजूच्या फेणीला गोव्याचं भौगोलिक मानांकन मिळालं ते २००९ साली. तो तसाच प्रकार, फक्त फेणीला गाव आहे आणि बर्बनला सबंध देश.

मग नाव कुठून आलं? केंटकीत बर्बन नावाची काउंटी आहे. ती १७८५ साली, हा प्रदेश व्हर्जिनियाचा भाग असताना स्थापन झाली. स्वातंत्र्ययुद्धात मदत केल्याबद्दल फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्याचं नाव तिला दिलं. लुईव्हिल हे त्याच घराण्यातल्या सोळाव्या लुईचं, १७८० सालचं. इथून तासाभरावर व्हर्साय आहे, पण तसं म्हटलं तर रस्ता कुणी सांगणार नाही, "व्हर्-सेल्स" म्हणायचं. बर्बन काउंटीचं मुख्य ठिकाण पॅरिस. आता व्हिस्कीला नाव त्या काउंटीवरून पडलं, की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, याचा निकाल इतिहासकारांत लागलेला नाही. कार्डावर मात्र काउंटीच असते. आणि गंमत अशी की दारूबंदी उठल्यावरही कितीतरी दशकं त्या बर्बन काउंटीत बर्बनची एकही भट्टी नव्हती.

सोळाव्या लुईचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेला मदत करून तिजोरी रिकामी झाली, क्रांती झाली आणि १७९३ साली त्याचं डोकं उडालं. त्याचा संगमरवरी पुतळा १९६७ साली फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरानं लुईव्हिलला भेट दिला. कोर्टाच्या इमारतीपुढे तो उभा होता. २०२० च्या आंदोलनांत त्याचा हात तुटला आणि काही महिन्यांनी पुतळाच हलवला. डोकं एकदा, हात एकदा. आमच्या इतिहासाच्या बाई म्हणतात, या राजाला हप्त्याहप्त्यानं शिक्षा चालू आहे.

बाबा एकदाच आले इकडे, सहा आठवडे. दारूला कधी न शिवलेला माणूस, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "ती भट्टी दाखव." मी त्यांना बर्बनच्या एका कारखान्याच्या सहलीला नेलं. ऑक्टोबर होता, डोक्याला कानटोपी. आंबवणाच्या लाकडी हौदांपाशी पोचलो आणि ते थबकले. वास गुऱ्हाळाचा होता. अगदी तोच, काकवीचा, ओल्या चिपाडाचा, जरा आंबूस. हौदात पिवळट रबडी आपोआप खदखदत होती, खाली विस्तव नसताना. वाटाड्या मुलीनं सांगितलं, बोट बुडवून चाखा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चाखा की, त्यात अजून काही नाही तेवढं." त्यांनी करंगळी बुडवली, जिभेवर लावली. "आंबील," म्हणाले. "जोंधळ्याऐवजी मका."

मुलगी सावर मॅश समजावून सांगत होती. मागच्या खेपेतून उरलेलं आंबट पाणी पुढच्या खेपेत घालायचं, म्हणजे आंबटपणा सारखा राहतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत. मी भाषांतर करायच्या आत बाबा मान डोलावून म्हणाले, "विरजण!" तंतोतंत विरजण नव्हे, कारण यीस्ट वेगळं घालतात. पण एवढा आनंद झालेल्या माणसाला कोण सांगणार.

पिंपांच्या गोदामाला इथे रिकहाउस म्हणतात. सातआठ मजली, खिडक्या लहान, आत लाकडाच्या मांडण्यांवर आडवी पिंपं. अंधारात व्हॅनिला, ओलं लाकूड आणि जळका गूळ यांचा वास. लाकडातून दर वर्षी चार-पाच टक्के दारू उडून जाते. तिला म्हणतात देवदूतांचा वाटा. इमारतीच्या भिंती, जवळची झाडं, पलीकडचं कुंपण सगळं काजळी धरल्यासारखं काळं. ती काजळी नव्हे, त्या उडालेल्या अल्कोहोलवर पोसलेली बुरशी आहे, आणि गोदामाशेजारच्या लोकांच्या तिच्याबद्दल तक्रारी असतात. बाबा भिंतीवर बोट फिरवून म्हणाले, "देवदूत हात धुवत नाहीत वाटतं."

नियमानं पिंप नवंच लागतं. मग वापरलेल्याचं काय? ते स्कॉटलंडला जातं, स्कॉच मुरवायला. गोव्यातही येतं. पॉल जॉन ही गोव्यातली सिंगल माल्ट अशाच बर्बनच्या पिंपांत मुरते, आणि तिथल्या उकाड्यात देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षा बराच मोठा पडतो. बाबांनी हिशेब जुळवला: "म्हणजे इथली नोकरी संपली की पेन्शनवर गोव्याला." आज केंटकीत माणसांपेक्षा पिंपं जास्त आहेत, दुपटीहून जास्त. ती पेन्शन घेणारी वेगळीच.

परत येताना गाडीत ते गप्प होते. मग एकदम विचारलं, "पहिल्या धारेची म्हणतात ती यांच्याकडे कोणती?" मी त्या मुलीला हे विचारलं होतं. भट्टीतून पहिली निघते ती इथे फेकून देतात, तिच्यात नको ती रसायनं असतात, मधली ठेवतात. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं. त्यांच्या थोरल्या भावाकडे एके काळी सरकारी परवाना होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्यानंतर प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवाना काढायची सोय होती. काकांची प्रकृती उत्तम होती असं घरातले सगळे सांगतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हाही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे. ही चिठ्ठी दोन्हीकडे कुणाला सुचवावी लागली नाही.

दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर व्हायला छत्तीस राज्यांची संमती लागत होती. ती १६ जानेवारी १९१९ रोजी पूर्ण झाली. आदल्याच दिवशी, १५ जानेवारीला, बॉस्टनमध्ये काकवीची एक प्रचंड टाकी फुटली. तेवीस लाख गॅलन काकवी रस्त्यावरून लाटेसारखी धावली आणि एकवीस माणसं मेली. काकवीपासून रम होते म्हणून हा प्रश्न आमच्याकडे दारूच्या राउंडमध्ये घालतात. मला ते बरं वाटत नाही. काकवीत पाय रुतला तर काय होतं हे गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

इतिहासाच्या राउंडमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन येणार हे ठरलेलं. त्याच्या सरकारनं १७९१ साली व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हानियातले शेतकरी धान्य डोंगरापलीकडे न्यायला परवडत नाही म्हणून त्याची व्हिस्की करून नेत. गावात ती पैशासारखीच चालायची. त्यांनी कर वसूल करणाऱ्यांना डांबर फासलं, पिसं चिकटवली. १७९४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष तेराएक हजार फौज जमवून घोड्यावर बसून निघाला. बंडखोर पांगले. आणि तीन वर्षांनी, पदावरून उतरल्यावर, याच वॉशिंग्टननं माउंट व्हर्ननच्या आपल्या शेतावर व्हिस्कीची भट्टी घातली. जेम्स अँडरसन नावाच्या त्याच्या स्कॉटिश कारभाऱ्याची ती कल्पना. १७९९ साली तिथे जवळजवळ अकरा हजार गॅलन निघाली, देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी ती एक. इथवर सगळे हसतात. भट्टीवर राबणारे गुलाम होते, हा प्रश्न कार्डावर मी अजून पाहिलेला नाही.

कार्डं बदलतात, पण उशिरा. जॅक डॅनिअलला दारू गाळायला कुणी शिकवलं? जुन्या कार्डावर उत्तर आहे, टेनेसीतला एक धर्मोपदेशक, डॅन कॉल. त्याच्या शेतावर भट्टी होती आणि जॅक तिथे पोरगेला असताना कामाला होता, हे खरं. पण भट्टीवर हात चालत होता तो नॅथन ग्रीन या कृष्णवर्णीय गुलाम माणसाचा. त्याला लोक "नियरेस्ट" म्हणत. जॅकला त्यानं शिकवलं, आणि गुलामगिरी संपल्यावर जॅकच्या कारखान्याचा पहिला मुख्य दारूकर तोच झाला. गावात हे पहिल्यापासून माहीत होतं. वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोचलं ते २०१६ साली. आमच्या बारमध्ये हा प्रश्न आला तेव्हा इतिहासाच्या बाईंनी "नियरेस्ट ग्रीन" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कार्डावरही तेच होतं. बाई ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "मी तीस वर्षं दुसरं शिकवलं." आम्हाला गुण मिळाला, पण टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. हा सगळा प्रकार ज्या मूर काउंटीत घडतो, तिथे दारूविक्रीवर बंदी आहे हेही एक कार्ड आहे. ते त्या रात्री आलं नाही, बरं झालं.

शब्दखेळात मी टीमचा कच्चा दुवा. तो सुप्रसिद्ध कोटीबाज प्रश्न मला तीनदा समजावून सांगावा लागला: मिसिसिपीनं मिझुरीला आपली न्यू जर्सी दिली तर डेलावेअर काय? "व्हॉट वुड डेलावेअर" म्हणजे "व्हॉट वुड डेला वेअर", डेला नावाची बाई काय घालेल, आणि जर्सी म्हणजे अंगात घालायची. उत्तर "आयडाहो, अलास्का", म्हणजे "आय डोन्ट नो, आय'ल आस्क हर". मी हसले तोवर पुढचा प्रश्न संपला होता. कॅलिफोर्नियात वायरीका नावाचं गाव आहे, आणि "वायरीका बेकरी" हे रोमन लिपीत उलटसुलट सारखंच वाचता येतं. देवनागरीत ते ढासळतं. बदल्यात मी त्यांना "ती होडी जाडी होती" आणि "रामाला भाला मारा" ऐकवलं. विमानतळावरच्या गृहस्थाला "रामाला भाला" इतकं आवडलं, की तो आता गुण मिळाला की तेच ओरडतो.

पण "ओके"चा जन्म ऐकून मात्र मी टेबलावर हात आपटला. १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत थट्टेनं मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची फॅशन होती. "ऑल करेक्ट"मधल्या ए ऐवजी ओ आणि सी ऐवजी के घालून त्यांनी ओके केलं. पुढच्याच वर्षी किंडरहूक गावचा मार्टिन व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभा होता, "ओल्ड किंडरहूक" म्हणून त्याच्या लोकांनी तीच दोन अक्षरं उचलली, आणि विनोद विसरला गेला तरी शब्द राहिला. म्हणजे कऱ्हाडच्या स्टँडवर कंडक्टर घंटी मारून "ओके" म्हणतो ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या बॉस्टनमधली शुद्धलेखनाची चूक आहे. आपल्या सा. न. वि. वि. वर कुणी अशी थट्टा केली असती तर संपादकाला पत्रं गेली असती.

बाबांना सगळ्यात आवडलेलं गाव न्यू मेक्सिकोतलं. आधी त्याचं नाव हॉट स्प्रिंग्ज होतं. रेडिओवर "ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस" नावाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागायचा, खरं सांगा नाहीतर भोगा. त्याच्या राल्फ एडवर्ड्सनं जाहीर केलं, जे गाव आपलं नाव बदलून आमच्या कार्यक्रमाचं घेईल तिथून दहाव्या वर्षाचा कार्यक्रम करू. या गावानं मतदान घेतलं आणि १९५० मध्ये नाव बदलून टाकलं. अजून तेच आहे, लोक "टी ऑर सी" म्हणतात. बाबा म्हणाले, "आणि एसटीच्या पाटीवर एवढं लांब नाव बसवायचं कसं?"

गेल्या महिन्यात दारूच्या राउंडमधला शेवटचा प्रश्न असा आला: वसाहतींच्या काळात अमेरिकेत मोठ्या वाडग्यातून वाढलं जाणारं कोणतं पेय भारतातल्या "पाच" या आकड्यावरून नाव घेऊन आलंय? तिन्ही माना माझ्याकडे वळल्या. मी "पंच" लिहिलं. फिलाडेल्फियात १७३२ साली निघालेला मासेमारांचा क्लब, त्यांचा फिश हाउस पंच, त्यातली रम आणि ब्रँडी, हे सगळं बाईंनी मागाहून सांगितलं. आमच्या वाट्याचं मी सांगितलं: शिवाजी महाराजांच्या काळात आपल्याकडे आलेला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर, १६९८ साली छापलेलं त्याचं पुस्तक, त्यात गोव्यातल्या नेरूळच्या अर्काचा उल्लेख. त्या अर्कापासून इंग्रज लोक पाच जिनसांचं पेय करतात आणि पाचाला इकडे तसं म्हणतात म्हणून ते नाव, असं त्यानं लिहून ठेवलंय. कार्डावर "पंच"च होतं. शेजारच्या टेबलांनीही टाळ्या वाजवल्या. प्रश्न विचारणारा भला माणूस माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हा तुमच्या गावचा." कुणीतरी ओरडलं, "रामाला भाला!"

त्यावर वाद आहे, हे मला पाठ होतं. त्या काळी इंग्रज त्या शब्दातला स्वर "पुंच" असा म्हणत, तो आपल्या पंचशी जुळत नाही. शिवाय पंचन नावाचं मोठं पिंप असतं, खलाशांनी त्याचंच नाव तोडून घेतलं असावं असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. खिशात पेन होतं. टिश्यूपेपर पुढ्यातच होता.

फोन लावला तेव्हा बाबांचा चहा कपात ओतून झाला होता. "हं, बोल. काय विचारलं आज?" मी सांगितलं. त्यांनी वही ओढलेली ऐकू आली, पानं उलटलेली. "पंच," ते लिहिता लिहिता म्हणाले, "पाचावरून. अमेरिकेत गेला. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.